पाच नंबरची घंटा

तंत्रज्ञान दालनातली यंत्रे रोज सकाळी ठरलेल्या क्रमानेच जागी करावी लागत. आधी काचेच्या पोटाचे वाफेचे इंजिन, मग पायाने चालवायचे छपाईयंत्र, मग सिनेमाचा प्रोजेक्टर आणि सर्वांत शेवटी, दालनाच्या पार टोकाला, जुने स्वयंचलित टेलिफोन एक्सचेंज. ते शेवटी, कारण ते एकदा सुरू झाले की बाकीच्यांचे आवाज नीट कानावर येत नसत; घरात सासरे उठले की इतरांनी हळू बोलावे, तसे. ही उपमा दालनप्रमुख बाईंचीच होती, आणि ती सुचायला कारणही तसेच होते. ते एक्सचेंज चालवणारे गृहस्थ खरोखरच त्यांचे सासरे होते.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांचा उभा जन्म गावाच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मेकॅनिक म्हणून गेला. ते एक्सचेंज बंद पडले, तेव्हा त्यातले एक लोखंडी कपाट संग्रहालयात आले आणि शोभेच्या वस्तूसारखे भिंतीला टेकून उभे राहिले. ते चालू करणे संग्रहालयात कुणाच्याच बापजन्मी जमणारे नव्हते. एकदा जेवताना अण्णांनी विचारले, "तुमच्या त्या मढ्याला मी जरा बघून येऊ का?" ते बघायला गेले आणि तिथलेच झाले.

दालनात ते सुनेला 'मॅडम' म्हणत, अहो-जाहो करत, आणि घरी पाय टाकताच म्हणत, "सूनबाई, चहात साखर घालायची विसरलीस की सोडून दिलीस?" या दोन संबोधनांच्या मधली सीमारेषा त्यांनी कधी ओलांडली नाही. बाई गमतीने म्हणत, "अण्णा, रस्त्यात भेटलात तर काय म्हणाल?" "रस्त्यात ओळखच दाखवणार नाही," असे ते मान न वळवता सांगत.

त्यांनी जिवंत केलेले ते कपाट पाहायला मुलांची झुंबड उडे. दालनात पाच फोन मांडलेले होते. एकावरून दुसऱ्याचा नंबर फिरवला, की काचेमागे एक पितळी हात खटखट पायऱ्या चढत जाई, बाजूला वळे आणि नेमक्या जोडणीवर जाऊन थांबे. लगेच पलीकडची घंटा वाजे. फोन खाली ठेवला की तो हात झरकन निसटून पुन्हा तळाशी येई. आपण फिरवलेला आकडा कुणीतरी खरोखर मोजत वर चढते, हे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यावर मुले क्षणभर गप्प होत. बाईंच्या मते संग्रहालय नावाच्या संस्थेचे सारे समर्थन त्या क्षणभराच्या शांततेत होते.

सोमवारी संग्रहालय बंद असे. तो दिवस अण्णांच्या तपासणीचा. पितळी हात वर चढल्यावर तो तिथेच थांबावा, जोडणी निवांत न्याहाळता यावी, म्हणून ते एका रिलेच्या, म्हणजे विजेवर हलणाऱ्या खटक्याच्या, दोन पात्यांमध्ये मेणकागदाची बारीक पट्टी सरकवत. पट्टी आत असेतो हात खाली येत नाही, फोन ठेवला तरी नाही. साऱ्या मेकॅनिकांची ही जुनी रीत. पण तिला एक कडक नियम जोडलेला होता. ज्याची पट्टी, त्यानेच काढायची. दुसऱ्याच्या पट्टीला हात लावणे म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालणे. पट्टी कुणाची हे कळावे म्हणून प्रत्येक जण तिचे टोक आपल्या पद्धतीने दुमडत असे. अण्णांच्या पट्टीला छोटा कान असे, मांजराच्या कानासारखा.

तपासणी संपली की ते पट्टी काढून पाच नंबर फिरवत. पाच नंबरचा फोन बाईंच्या खोलीच्या दाराशी होता. बाई बाहेर येऊन तो उचलत. पलीकडून गंभीर सुरात येई, "मॅडम, लाइन शुद्ध आहे. चहाचं काय?" आणि बाई म्हणत, "आले."

एका सोमवारी त्या खोलीत नव्हत्या. आवारातल्या दुसऱ्या इमारतीत, कोठारात, नव्या आलेल्या वस्तूंवर क्रमांक टाकत होत्या. परत आल्या तेव्हा रखवालदार दालनाच्या दारातच भेटला. अण्णा एक्सचेंजमागच्या स्टुलावर बसलेले होते, कपाळ लोखंडाला टेकलेले, जणू आत काही बारीक ऐकत आहेत. शॉक बसला असेल या भीतीने रखवालदाराने आधीच साऱ्या दालनाची वीज तोडली होती. डॉक्टर म्हणाले, शॉक नव्हे, हृदय.

त्यानंतर दालन नूतनीकरणासाठी वर्षभर बंद राहिले. भिंती रंगल्या, पडदे आले, फलक बदलले. एक्सचेंजला मात्र बाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. त्यावर कापड टाकून ठेवले. घरी नवऱ्याने, अण्णांच्या एकुलत्या एका मुलाने, त्या वर्षात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. तो औषधांचे दुकान चालवत असे, दिवसभर इतरांच्या दुखण्यांची चौकशी करून घरी आला, की ताटावर बसून म्हणे, "त्यांनी हाक मारली असेल का गं?"

"एका क्षणात गेले असं डॉक्टर म्हणाले ना."

"डॉक्टर काय, असंच म्हणतात. मीही गिऱ्हाइकांना असंच सांगतो."

दालन पुन्हा उघडायच्या आधी, चाचणीच्या पहिल्या सकाळी, बाईंनी यंत्रे क्रमाने जागी केली. एक्सचेंजवरचे कापड तसेच राहू देऊन शेवटची कळ दाबली. कपाटात रिले एकामागून एक टकटक बसत गेले, आणि लगोलग पाच नंबरची घंटा वाजू लागली.

नंबर कुणीच फिरवलेला नव्हता. रखवालदार सर्वांत जवळ होता. त्याने फोन उचलला, कानाला लावला आणि जळते लाकूड हातात आल्यासारखा टाकला. "कुणीतरी श्वास घेतंय हो, बाई."

"पेंटवाले चेष्टा करत असतील."

"पेंटवाल्यांचा श्वास मी ओळखतो. त्याला तंबाखूचा वास असतो."

बाई हसल्या. पण दुसऱ्या सकाळी वीज येताच घंटा पुन्हा वाजली, तिसऱ्याही. फोन उचलून ठेवला की दिवसभर चकार शब्द नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रखवालदाराने त्या बाजूला फिरकणेच सोडले. "मला नोकरी करायची आहे, वर जायची सोय नको," असे त्याने स्वच्छ सांगितले.

ही वार्ता संचालकांच्या कानी गेली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते समजुतीने म्हणाले, "बाई, पाहणीला समिती येते आहे. आपोआप वाजणारं यंत्र त्यांच्यापुढे कसं ठेवायचं? वीज काढून काचेत ठेवू. शेजारी पडद्यावर चित्रफीत. मुलांना तेवढं पुरतं."

"मुलांना पुरतं हे मुलांनी सांगितलं का?"

"समिती यायच्या आत बिघाड सापडला तर राहू दे चालू. नाही सापडला तर..." संचालकांनी हात पसरले. "आणि तुम्ही त्या यंत्राचं घरचं माणूस आहात, म्हणूनच सांगतो, दुसऱ्या कुणाला बघू द्या."

दुसऱ्या कुणाला बघू द्यायचे तर ते सारे सुटे करून ठेवणार, अण्णांनी बोटांनी बसवलेली एकेक पाती हलवणार. बाईंनी ठरवले, तो फोन आधी आपणच उचलायचा.

सकाळी कळ दाबून त्या दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत आल्या. फोन उचलला. आत कुणी बोलत नव्हते. पण ती शांतता रिकामी नव्हती. एक खोल, संथ घरघर येत होती, ओसरत होती. मधूनच एक टिचकी, जीभ टाळूला लागावी तशी. वर्षभरात सवय मोडलेला 'आले' हा शब्द बाईंच्या ओठांवर आला, आणि त्यांनी तो गिळला.

मग पलीकडे पावले वाजली. आणि तीच पावले, क्षणाचाही फरक नसताना, दालनाच्या टोकालाही वाजली. रखवालदार एक्सचेंजजवळच्या खिडक्या उघडायला गेला होता.

बाईंनी फोन तसाच लोंबता ठेवला आणि त्या एक्सचेंजच्या मागे गेल्या. कपाटाचे मागचे दार वर्षभरात कुणी उघडलेले नव्हते; ते त्यांनी उघडले. आत, खिळ्याला, मेकॅनिक लोक तपासणीला वापरतात तो, नंबर फिरवायच्या चकतीचा हातफोन लटकत होता. त्याचे दोन चिमटे अजून तारांना चावलेले होते. अण्णांना उचलून नेताना कुणीतरी तो पायात येऊ नये म्हणून नीट टांगून ठेवला असावा. ट्रान्सफॉर्मर त्याला अगदी लागून होता. घरघर त्याची, टिचक्या रिलेंच्या. आणि पितळी हात तळाशी नव्हता. तो पाचाच्या पायरीवर चढून, वळून, जोडणीवर थांबलेला होता. रिलेच्या दोन पात्यांमध्ये मेणकागदाची पट्टी होती. तिच्या टोकाला मांजराचा कान होता.

म्हणजे फोन आताचा नव्हताच. तो त्या सोमवारचा होता. अण्णांनी पाच नंबर फिरवला. घंटा वाजत असताना वीज तुटली; त्या गोंधळात ती वाजत होती हे कुणाच्या ध्यानातही राहिले नाही. पट्टीने हात खाली येऊ दिला नाही. आणि वीज आली की यंत्र आपले राहिलेले काम प्रामाणिकपणे पुन्हा सुरू करत होते. कुणी उचलले की गप्प राहत होते. रोज विसरत होते की उचलले होते.

बाई स्टुलावर बसल्या. बिघाड सापडला होता. दोन बोटांनी ओढले की संपले. त्यांचे हात तिथवर गेलेही. पण पट्टीला कान होता.

नवऱ्याला दुकानातून बोलावून घेताना त्यांनी एवढेच सांगितले, "अण्णांचं एक काम राहिलंय. तू ये." तो आला. आयुष्यात वडिलांचे हे कपाट त्याने मागून कधी पाहिले नव्हते. बाईंनी सारे दाखवले, हातफोन, पाचाची पायरी, पट्टी.

"म्हणजे हाक मारलीच होती. पाच म्हणजे तू."

"ऐक आधी. पट्टी बघ. सुई ओवल्यासारखी बसवलीय. छातीत कळ आलेल्या माणसाच्या हातून ही अशी जाईल?"

तो वाकला. औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचावे तसा बराच वेळ पाहत राहिला. "नाही जायची."

"आणि आधी पट्टी, मग नंबर. हा क्रम ते कधी मोडत नसत. म्हणजे नंबर फिरवला तेव्हा ते काम करत होते. मजेत होते."

"मजेत," तो म्हणाला. मग त्याच्या घशातून हसू आणि हुंदका यांच्या मधला एक आवाज निघाला. "मला सायकल दुरुस्त करून द्यायचे तेव्हाही असेच, जीभ बाहेर काढून..." त्याने डोळे पुसले. "काढू का?"

"ज्याची पट्टी त्याने काढायची असते."

"मग वारसाने काढली तर चालेल?"

"चालवून घेऊ."

त्याने दोन बोटांत तो कान धरला आणि श्वास रोखून ओढला. पट्टी आली. त्याच क्षणी पितळी हात सुटला, वळला आणि झरकन तळाशी उतरला. इतका वेळ ताणून धरलेले काहीतरी साऱ्या कपाटाने खाली ठेवले असावे, असा तो आवाज होता. दालनाच्या दुसऱ्या टोकाला लोंबता राहिलेला फोन हलक्या सुरात गुणगुणू लागला. पट्टी नवऱ्याने पाकिटात ठेवली. त्या दिवशी तो पोटभर जेवला, आणि तो प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही.

समिती आली. एका सदस्याने स्वतः नंबर फिरवून पाहिला, मुलासारखा गप्प झाला, आणि एक्सचेंज चालू राहिले. रखवालदार पुन्हा त्या बाजूच्या खिडक्या उघडू लागला.

बाईंनी नवऱ्याला सांगितलेले सारे खरे होते. फक्त एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. पट्टी आत असताना अण्णा तपासणीला नेहमी एक क्रमांकाच्या फोनचा नंबर फिरवत. तो फोन स्टुलाजवळ होता, घंटा तिथल्या तिथे ऐकता येई. पाच नंबर ते पट्टी काढल्यावरच फिरवत. मग त्या दिवशी, पट्टी आत असताना, पाच का? पाचाच्या जोडणीत काही खोट होती, ती बघायची होती? असेल. तशी तक्रार कुणी केली होती का, हे बाईंना कितीही आठवून आठवत नव्हते. की पट्टी शांत हाताने बसवली, आणि ती बसवल्यावर, हातफोन कानाशी असताना, काहीतरी झाले, पट्टी काढायलाही उसंत नाही असे? या दोहोंतले कोणते, ते यंत्राला विचारता येत नव्हते. यंत्राला आकडा कळतो, कारण कळत नाही.

आता दर सकाळी यंत्रे क्रमानेच जागी होतात. शेवटची कळ रखवालदार दाबतो, कारण बाई त्या वेळी आपल्या खोलीच्या दाराशी, पाच नंबरच्या फोनजवळ, उभ्या असतात. टोकाला रिले टकटक बसत जातात. घंटा वाजत नाही.

"काही बिघाड आहे का, बाई?" रखवालदार लांबून ओरडून विचारतो.

"नाही," त्या म्हणतात. "लाइन शुद्ध आहे."

मग त्या फोन उचलतात. आत तोच सपाट, धीराचा सूर असतो, कुणाशी बोलायचे आहे असे विचारणारा. एक्सचेंज वाट पाहत असते. बाई नंबर फिरवत नाहीत. "आले," एवढेच म्हणतात, आणि फोन अगदी हळू, आवाज न करता, जागेवर ठेवतात.