सोमवारची गोळी

लोहाऱ्याच्या कॉलेजात मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. जठराचा धडा आला की माझ्या अंगात येतं. पोटातलं आम्ल एवढं जहाल, तरी ते पोटालाच का खात नाही, असं विचारून मी वर्गाकडं ऐटीत बघतो. मग सांगतो, की जठराला आतून बुळबुळीत थर असतो. नाकात दिसला की आपण तोंड वाकडं करतो, त्याच जातीचा. त्या थरासोबत पेशी पेप्टाइड नावाची चिमुकली प्रथिनं सोडतात. त्यांतली काही जंतूंना मारतात, काही थर घट्ट धरून ठेवतात, आणि कुठं खरचटलंच तर शेजारच्या पेशींना पुढं सरकवून ती जागा झाकून टाकतात. सगळं गुपचूप. हा धडा मला तोंडपाठ आहे, फक्त घरी जाताना तो मी कॉलेजातच ठेवून जायचो.

घरी आई आणि अप्पा, म्हणजे माझे वडील. अप्पांचे गुडघे गेलेले, पण सोमवारचा कडक उपास आणि गावाबाहेरच्या महादेवाला जाणं कधी चुकलं नाही. त्यांना गाडीवर सोडायचं म्हणजे मला लवकर उठावं लागणार. ते माझ्या जिवावर यायचं, म्हणून मी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून दिल्या. आधी फक्त सोमवारी एक. गुडघा ऐकतोय म्हटल्यावर रोज एक.

आमच्या घरी उपासाला काय चालतं यावर मोठा काथ्याकूट असायचा. भगर चालते, पण अप्पांना तीही नको, दिवसभर फक्त चहा. एकदा मी म्हणालो, "अप्पा, काहीतरी खाऊन गोळी घ्या."

"उपास हाय."

"मग आज गोळी नको."

"गोळीनं उपास मोडत न्हाय. तिच्यात मीठ हाय का मिरची?"

मी हसलो आणि विषय सोडून दिला. ही गोळी तो थर पातळ करते, हे मला माहीत होतं. पण माझी झोप शाबूत राहत होती.

एका सोमवारी अप्पा देवळातून आले ते उंबऱ्यावरच बसले. चेहरा पांढराफटक. दोन दिवस शौचाला काळं होतंय, हे तेव्हा कुठं बोलले. तशीच जीप करून त्यांना धाराशिवला नेलं. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली. जन्मभर फळ्यावर काढलेलं अस्तर मी पहिल्यांदा पडद्यावर बघितलं. गुलाबी, ओलसर, आणि मधोमध हरभऱ्याएवढा खड्डा, त्यातून रक्त झिरपतंय. मला भयंकर भीती वाटली. अप्पा जातील, आणि ते माझ्यामुळं, एवढंच डोक्यात होतं.

रक्त थांबवून डॉक्टरांनी दुर्बीण काढली आणि ते माझ्याकडं वळले. "दुखण्याच्या गोळ्या कोण आणून देतं यांना? रोज, त्यातही उपाशीपोटी?"

मी तोंड उघडलं. मी काही बोलायच्या आत अप्पा घोगऱ्या आवाजात बोलले, "म्याच आणतो, सायेब. ह्याला काय म्हाईत न्हाय."

"मुलगा काय करतो?"

"सर हाय. पोटाचंच शिकवतो."

डॉक्टरांनी अप्पांना चांगलंच झापलं. मग मला आदरानं जवळ बसवून जठराचं अस्तर कसं असतं, ते स्वतःला कसं झाकून घेतं आणि या गोळ्या त्याचं काय करतात, ते समजावून सांगितलं. मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान हलवत राहिलो. खरं काय ते तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही. मला माझीच लाज वाटत होती आणि त्या लाजेलाही मी घाबरत होतो.

काही आठवड्यांनी खड्डा भरून आला. आता गोळ्या बंद आहेत आणि सोमवारी सकाळी मी अप्पांना गाडीवर देवळाला नेतो. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून मागं बसतात, पावसापाण्याचं बोलतात. गोळ्या कुणी आणल्या होत्या, हे त्यांनी अजून आईलाही सांगितलेलं नाही.