मागच्या सीटवरचं पुस्तक

अलिबागची माणसं श्रीवर्धनला समुद्र बघायला का जातात, हे मला कधी कळलेलं नाही. अलिबागला काय विहीर आहे? आम्ही मात्र यंदाच्या थंडीत गेलो ते भांडायला. म्हणजे मी भांडायला आणि आमचे भास्करराव गाडी चालवायला.

हा ब्लॉग आज पहिल्यांदाच उघडणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. माझे यजमान भास्करराव तहसील कचेरीत जीपचे ड्रायव्हर होते, तेही आता घरीच असतात. आमच्या वस्तीतून दरवर्षी बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशी बस जाते. आम्ही बसमध्ये बसलो नाही. बुलेटवरून गेलो आणि बुलेटवरूनच परत आलो. परत आल्यावर मी त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. मला गाडी चालवता येत नाही. सगळा प्रवास मी मागे बसून केला आणि पुस्तकातही मी मागेच बसलेली आहे.

तिथंच घोडं अडलं. एका प्रकाशकानं विचारलं, "पण मॅडम, गाडी तुम्ही चालवली नाही ना?" दुसऱ्यानं उत्तरच दिलं नाही. तिसरे जोगळेकर. त्यांनी सगळं वाचलं, मजकूर आवडला म्हणून आवर्जून फोन केला, आणि मग हळूच म्हणाले, "बुलेटचं पुस्तक घेणाऱ्याला हँडल धरणाऱ्याचं ऐकायचं असतं, ताई. तेव्हा 'मी' म्हणजे भास्करराव असं करू. नाव त्यांचं, खाली 'शब्दांकन' म्हणून तुमचं." सुपारी उतरवायच्या दिवसांत ते पुण्याहून श्रीवर्धनच्या वाडीत येऊन राहतात. तिथं या, बसून बोलू, म्हणाले. मी म्हटलं, येते.

बुधवारी निघालो. तुम्हालाही हा रस्ता करायचा असेल तर आठवड्याच्या मधलाच दिवस धरा. शनिवारी काशीदपर्यंत मोटारींची रांग असते आणि दुचाकीवाल्याला धुराशिवाय काही मिळत नाही. उजाडताना अलिबाग सोडलं, रेवदंड्याचा पूल ओलांडला, कोर्लईपाशी ऊन अंगावर आलं. रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे पॅचवर पॅच. काशीदनंतरच्या वळणांवर वाळू येऊन पडलेली असते, तिथं वेग कमीच ठेवा.

नांदगावला मी भास्कररावांच्या खांद्यावर दोनदा थाप मारली. हेल्मेट घालून बोलता येत नाही, त्यामुळे लुंबिनीच्या वाटेवर आमची अशी एक भाषा तयार झाली होती. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चहा, गुडघ्यानं ढोसलं तर हळू चालवा. टपरीवर गरम भजी-पाव खाल्ला. शंभराच्या नोटेत दोघांचा नाश्ता आणि चहा होऊन वर सुट्टे परत आले.

मुरूड मागे टाकून आगरदांड्याच्या जेटीवर पोहोचलो. तिथून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढवता येते. वेळापत्रक भरती-ओहोटीनुसार आणि ऋतूनुसार बदलतं, तेव्हा आदल्या दिवशी कुणाला तरी विचारून ठेवा. बोटीत भास्करराव गाडी स्टँडवर लावत होते, तेवढ्यात मागून हाक आली. म्हसळ्याच्या कचेरीत त्यांच्याबरोबर कारकून असलेले सलीमभाई होते.

"भास्करराव, बुक लिवलंत म्हणं? म्हसळ्यात समद्यांना ठाव हाय. माशाअल्ला, आपला मानूस बुकात येनार."

मी तिथंच बाकावर, हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं, आता हे सांगतील, बुक हिनं लिवलंय. भास्कररावांनी हातातल्या चावीकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्हय. येतंय आता."

तेवढंच. सलीमभाईंनी त्यांचा हात हातात घेतला, मला लांबूनच सलाम केला आणि बोटीतल्या कुणाकुणाला बोलावून आणून भास्कररावांची ओळख करून दिली. लेखक म्हणून. खाडीचं पाणी निळं होतं, वारा सुरेख होता, फोटो काढण्यासारखं बरंच काही होतं. माझ्याकडे त्या बोटीतला एकही फोटो नाही.

दिघीला उतरलो. बोर्ली, मग दिवेआगर, मग शेखाडीवरून किनाऱ्याकिनाऱ्यानं श्रीवर्धन. या पट्ट्यासारखा रस्ता रायगडात दुसरा नाही, पण त्या दिवशी मी त्याच्याकडे रागानंच पाहिलं. एकही थाप मारली नाही. तहान लागली तरी नाही. भास्कररावांनी दोनदा आरसा वळवून माझा चेहरा पाहिला आणि दोन्ही वेळा आरसा पुन्हा रस्त्याकडे केला. मला खरी भीती जोगळेकरांची नव्हती. जोगळेकर नाही म्हणाले तर चौथा प्रकाशक शोधता येईल. पण घरातल्याच माणसाला माझं पुस्तक त्याच्या नावावर हवं असेल तर मी कुठं जाणार?

जोगळेकरांचं घर वाडीच्या आत आहे. अंगणभर सुपारी वाळत घातलेली, पाय ठेवायला जपून जावं लागत होतं. "या भास्करराव, या," म्हणत त्यांनी त्यांना वेताची खुर्ची दिली. मी आपली बाकावर. पोह्याचे पापड आले, कोकम सरबत आलं. मग जोगळेकर सरळ मुद्द्यावर आले. माझ्याशी नाही, भास्कररावांशी.

"तुमची काय इच्छा आहे?"

भास्कररावांनी पेला खाली ठेवला. "खरं सांगू? नाव आलं तर आवडंल मला. जन्मभर सायबाची जीप चालवली. जीपवर कुनी ड्रायवरचं नाव लिवत न्हाय."

एवढं सरळ ते माझ्याशीही बोलले नव्हते. वाईट म्हणजे मला ते पटलंही.

"मग प्रश्नच मिटला," जोगळेकर म्हणाले.

"न्हाय मिटला. त्यात काय लिवलंय ते मला म्हाईत न्हाय. मी वाचलं न्हाय अजून."

"वाचलं नाहीत?"

"मी व्हतोच की तिथं. वाचायचं काय त्यात?"

जोगळेकरांच्या पत्नी दारात उभ्या होत्या, त्या खळखळून हसल्या. मला हसू आलं नाही, पण धीर आला. मी म्हटलं, "सर, 'मी' बदलणार नाही. त्यांचं नाव घालून छापलं तर ते त्यांचंही नाही आणि माझंही नाही. गाडीवर दोन जागा असतात. एका जागेची पुस्तकं बाजारात भरपूर आहेत. तुम्ही कधी मोटरसायकलवर मागे बसलायत?"

"कॉलेजात असताना बसलो असेन."

"आज बसा. यांच्यामागे. शेखाडीपर्यंत जाऊन या. मग नाही म्हणा, मी कागद उचलून निघते."

जोगळेकरांनी ते हसण्यावारी नेलं असतं, पण त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "जा की. खुर्चीत बसून बसून निम्म्या पुस्तकांना नापास करता तुम्ही." मग त्यांना इलाज राहिला नाही. माझं हेल्मेट त्यांच्या डोक्याला घट्ट बसलं. मागच्या सीटवर चढताना त्यांनी एक पाय टाकला आणि दुसरा कुठे ठेवायचा ते त्यांना सुचेना. फुटरेस्ट मी उघडून दिला.

ते गेल्यावर मी अंगणात जोगळेकर वहिनींबरोबर सुपारी वरखाली करत बसले. भास्करराव आज माझ्या बाजूनं गाडी चालवतील की स्वतःच्या, हेही मला ठाऊक नव्हतं. पण कागद उचलायची माझी तयारी होती. पिशवी बाकाखालून काढून मी जवळ घेऊन ठेवली.

परत आले ते जोगळेकर बोलतच उतरले. हेल्मेट काढायचंही त्यांना भान नव्हतं. "अगं, आरावीला एक बाई ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिनं मला हात केला. मला! ओळख ना देख. आणि कोंडविलीच्या पुढे सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, मग एकदम तो गेला आणि ओल्या मातीचा आला. शेखाडीच्या वळणावर खडकावर एक म्हातारा गळ टाकून बसलाय, त्याच्या शेजारी त्याचं मांजर. मी हा रस्ता मोटारीतून किती वर्षं करतोय."

वहिनींनी भास्कररावांना विचारलं, "तुम्हाला दिसलं मांजर?"

"न्हाय. वळनावर खडी पडलेली. मी खडी बघत व्हतो." मग म्हणाले, "ती बघावीच लागते."

जोगळेकर खुर्चीत बसले. आता त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवले. "नाव तुमचं. एकटीचं. पण माझीही एक अट आहे, ताई. पहिली तीस पानं फाडा. त्यात सीसी आहे, मायलेज आहे, चेन किती किलोमीटरला ताणली ते आहे. ते तुम्ही त्यांच्या जागेवर बसून लिहिलंय, वाचकाला बरं वाटावं म्हणून. नाशिकनंतर तुम्ही मागे येऊन बसलात आणि तिथून पुस्तक सुरू होतं."

मला झोंबलं. ती तीस पानं लिहायला मी सगळ्यात जास्त घाम गाळला होता. पण माणूस बरोबर बोलत होता, आणि पुस्तक छापणार होता. मी म्हटलं, "पाऊस सुरू व्हायच्या आत नवी पानं देते."

जेवायला वालाचं बिरडं, भाकरी आणि सोलकढी होती. मुक्काम गावातल्या एका घरगुती खोलीत केला. आठवड्याच्या मधला दिवस असल्यानं नाश्त्यासकट बाराशेत भागलं. सुट्टीच्या दिवशी हीच खोली दुप्पट होते, असं मालकीणबाईंनीच सांगितलं. संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन आलो.

परतीला बोट घेतली नाही. म्हसळ्यावरून माणगाव, पुढे कोलाड, रोहा करत घरी आलो. अंतर जास्त पडतं, पण म्हसळ्याच्या घाटात सावली आहे आणि त्या दिवशी वाहनंही कमी होती. म्हसळ्यात चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "नावाचं वाईट वाटतंय?"

"वाटतंय थोडं. जाईल."

"बोटीत सलीमभाईंना का नाही सांगितलंत?"

"बरं वाटत व्हतं गं त्यांच्या तोंडून." त्यांनी बशीतला चहा संपवला. "फोन करून सांगतो त्यांना."

आणि टपरीवरूनच केला. सलीमभाईंनी दुसऱ्या टोकाकडून काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, पण भास्करराव म्हणत होते, "न्हाय वो, खरंच. समदं तिनंच लिवलंय. मी फकस्त चालवत व्हतो." माझा राग तिथंच गळून पडला. आपलं माणूस खोटं बोलत नाही, त्याला फक्त खरं बोलायला जरा वेळ लागतो, हे एवढी वर्षं संसार करून मी विसरले होते.

आता घरी येऊन बरेच दिवस झाले. तीस पानं मी खरंच फाडली. नवी लिहितेय, घराच्या फाटकापासून, भास्कररावांच्या पाठीमागून. सकाळची कामं उरकली की टेबलाशी बसते. हात दुखतो, मधूनच वाटतं जुनीच बरी होती, पण उठत नाही.

दुसरीकडे ओटीवर भास्कररावांनी उरलेलं पुस्तक वाचायला घेतलंय. चष्मा लावून, बोट ठेवून, सावकाश. दिवसाला चार-पाच पानं. मी विचारत नाही आणि तेही काही बोलत नाहीत. काल दुपारी मात्र ते कागद हातात घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. गोरखपूर ते कुशीनगरचं प्रकरण होतं. त्या दिवशी एका ढाब्यावर एका बाईनं मला हसत विचारलं होतं, या वयात नवऱ्यानं तुला गाडीला कशाला बांधून आणलंय? नंतर सबंध रस्ता मी हेल्मेट मांडीवर घेऊन त्यांच्या पाठीला तोंड लावून रडले होते.

"माझी पाठ भिजली व्हती त्या दिवशी," ते म्हणाले. "मला वाटलं घाम."

मी लिहायचं थांबवलं.

"मी तवा गानं म्हनत व्हतो."

"हो. मोठ्यानं."

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "सामानासारखं वाटलं, असं लिवलंयस."

"वाटलं होतं त्या दिवशी."

"मग मला कदी बोलली कशी न्हाइस?"

"बोलतेय की," मी म्हटलं. "वाचा पुढे."