बक्षिसाचा थर्मास

आमच्या इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळाला वादविवादाची भारी हौस. पुण्या-नागपूरची कॉम्प्युटरवाली पोरं, आठवडाभर ऑफिसात साहेबापुढे माना हलवायची, मग रविवारी मराठीत बोलायला मोकळं रान मिळालं की थांबतात कशाला? दोन हजार नऊ साली विषय निघाला तो थेट अमेरिकेतला. तिथं सरकार सगळ्यांच्या दवाखान्याचा नवा कायदा करत होतं, आणि गर्भपाताला सरकारी पैसा द्यायचा की नाही यावरून त्यांच्या संसदेत हमरीतुमरी चालली होती. टीव्हीवर रोज तेच. आमच्या सेक्रेटरींना वाटलं, अमेरिका भांडते आणि आपण गप्प बसतो, हे काही बरं दिसत नाही.

मी मंडळात वयानं मोठी. शाळा चौथीपर्यंत. पण इथल्या हॉस्पिटलात बावीस वर्षं वॉर्डावॉर्डातून चहाची ट्रॉली ढकलली, त्यातच इंग्रजी शिकले. म्हणून मला परीक्षक केलं. खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणाला केलं असतं तर बाकीचे रुसले असते. माझ्यापुढं एक घंटी, एक वही आणि बक्षीस म्हणून एक चकचकीत स्टीलचा थर्मास ठेवला.

बोलणारे सहा, सहाही पुरुष. बायका हॉलच्या मागच्या किचनमध्ये बटाटेवडे तळत होत्या, कारण विषय गंभीर होता आणि वडे गरमच लागतात.

सुरू व्हायच्या आधी मी पाणी प्यायला आत गेले. आमच्या गल्लीतली एक पोरगी मागच्या दारात नाकाला ओढणी लावून उभी. दहा महिन्यांची मुलगी कडेवर. तेलाचा वास न सोसणारी बाई मला लांबून कळते. बाजूला घेऊन विचारलं, कितवा महिना?

"दहावा आठवडा, मावशी."

मग हळूहळू सगळं सांगितलं. पहिलीच्या वेळच्या ऑपरेशनचे टाके अजून ओढ घेत होते. लगेच दुसरं नको, हे तिचं ठरलेलं होतं, नवऱ्याचंही. पण करायचं कुठं? नवरा वर्क व्हिसावर, ही त्याच्यामागून आलेली. पासपोर्टात शिक्का: सरकारी पैशाचा आधार घ्यायचा नाही. नवरा म्हणे, इथला दवाखाना म्हणजे सरकारचाच पैसा. तिथं पाय ठेवला की व्हिसा वाढवून मिळायचा नाही. म्हणून पुण्याला जाऊन करू. आणि पासपोर्ट? ते व्हिसा वाढवण्यासाठी लंडनजवळ क्रॉयडनच्या सरकारी ऑफिसला गेलेले, कधी परत येतील याचा पत्ता नाही. म्हणजे जाता येत नाही आणि इथं दाखवता येत नाही. आठवडे काही क्रॉयडनची वाट बघत थांबत नाहीत.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, परीक्षक कुठं आहेत?

मग काय, बसले घंटी घेऊन. एकानं करदात्याच्या सदसद्विवेकावर पाच मिनिटं घेतली. एकानं तिथल्या संसदेत कोणाची किती मतं याचा तक्ताच छापून आणला होता. एकानं स्त्री ही शक्ती आहे असं सांगितलं आणि त्या शक्तीला आत हाक मारून पाण्याचा ग्लास मागवला. चौथा होता या पोरीचा नवरा. चिठ्ठीत त्याला विरोधी बाजू आलेली. एकाच्या घरातल्या निर्णयाचा भार दुसऱ्या करदात्यानं का उचलावा, असं त्यानं विचारलं. टाळ्या पडल्या. आवाज खणखणीत, पण तळहात सारखा पँटला पुसत होता. वहीत त्याला मार्क चांगले पडले, खोटं कशाला बोलू.

सगळ्यांचं झाल्यावर मी म्हटलं, माझी एक शंका आहे. आपल्या पासपोर्टात तो शिक्का असतो ना, सरकारी पैसा नको म्हणणारा, त्यात इथला डॉक्टर धरतात का?

मग सगळे एकदम बोलायला लागले. एक म्हणाला धरतात. एक म्हणाला, नुसता ताप असेल तर धरत नाहीत. एकानं अगोदर धरतात म्हटलं आणि मग किचनच्या दारात आलेल्या बायकोकडे बघून धरत नाहीत म्हटलं. अमेरिकेतल्या कलमांची पोटकलमं पाठ असणारी ही माणसं, स्वतःच्या खिशातलं पान कुणी वाचलेलं नव्हतं. पोरीचा नवरा मात्र जमिनीकडं बघत होता.

सेक्रेटरी म्हणाले, "मावशी, हे विषयाला सोडून झालं."

"विषय तोच आहे," मी म्हटलं, "फक्त अमेरिका वजा केली."

निकाल राखून ठेवते, असं सांगून मी थर्मास पिशवीत घातला.

संध्याकाळी पोरीचा नवरा माझ्या दारात. दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये एकदा नोंद झाली की क्रॉयडनला कळणार, असं म्हणत होता. घाबरला होता बिचारा, दुष्ट नव्हता. मी म्हटलं, "मग तूच चल विचारायला. इंग्रजी तुझं माझ्यापेक्षा चांगलं, आज ऐकलं मी."

सोमवारी सकाळी आम्ही तिघं सर्जरीत, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाळ धरून चौघं. त्याच्या मांडीवर शिक्क्याच्या झेरॉक्सची फाइल. डॉक्टरीणबाईंनी झेरॉक्स पाहिली आणि म्हणाल्या, हा शिक्का सरकारी भत्ते आणि कौन्सिलच्या स्वस्त घरासाठी आहे. दवाखाना यात येत नाही, आणि तुम्ही इथं राहता, काम करता, तुम्हाला काही पैसे भरावे लागत नाहीत. माझी घंटी वाजायच्या आत विषय संपला. मग त्यांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं. मीही उठले, तर पोरीनं माझा पदर धरला, म्हणून राहिले.

बाईंनी विचारलं, तुम्हाला काय हवं आहे?

आदल्या दिवशी सहा जणांना पाच-पाच मिनिटं दिली होती मी. हिला एक वाक्य पुरलं. आणखी एका डॉक्टरची सही लागेल, मग तारीख कळवू, असं सांगून बाईंनी लिहायला घेतलं. करदात्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

तारीख पुढच्याच आठवड्याची मिळाली. पासपोर्ट तोवर क्रॉयडनलाच. क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत मी आणि तो बसलो होतो, बाळ त्याच्या खांद्यावर झोपलेलं. मी पिशवीतून चहा काढला.

त्यानं थर्मासकडं पाहिलं. "मावशी, हा बक्षिसाचा ना? कोणाला मिळालं?"

मी झाकणात चहा ओतून त्याच्या हातात दिला. तो ओठाला लावणार, तेवढ्यात दार उघडलं आणि ती भिंतीला हात लावत सावकाश आली, आमच्या शेजारी बसली. चेहरा पांढरा, पण कितीतरी दिवसांनी कपाळावरची आठी गेलेली. त्यानं झाकण तसंच भरलेलं तिच्यापुढं धरलं. तिनं दोन्ही हातांनी घेतलं, आणि पहिला घोट घेऊन म्हणाली, "आलं घातलंत होय."

सेक्रेटरी अजून निकालाची वही मागतात. आणि थर्मासचं विचारतात. मी सांगते, तो गेला पोरीच्या घरी.