आक्काच्या मांडीवरची चप्पल

आक्का आधी हात उगारायची, मग बोलायची. नाशिकरोडला विजेच्या रेल्वेगाड्यांच्या मोटारी दुरुस्त करणारी एक खाजगी शेड होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे मोटारीत तांब्याच्या तारेच्या कॉइल भरायला लागले. पहिल्याच दिवशी जाळीच्या खोलीच्या दाराला टेकले, तर पाठीत आक्काचा धपाटा बसला. "मरायचं आसंल तर घरी मर," ती म्हणाली, आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातात कोंबली.

दुरुस्त झालेली मोटार त्या खोलीत वीज जोडून पळवून बघत. पोलादी चाकं फिरवून अख्खी गाडी ओढणारी मोटार ती. माणूस चिकटला तर कोळसाच. म्हणून मेन स्विचला कुलूप आणि चावी आक्काच्या कमरेला. आत जाणाऱ्याने एक चप्पल तिच्याकडे ठेवायची, बाहेर आल्यावर न्यायची. मांडीवर चप्पल असेपर्यंत चावी सुटायची नाही. नियम तिचाच. एकजण चप्पल न देता आत शिरला, तेव्हा तिने त्याला कॉलर धरून ओढला आणि पान्याने पोटरी सुजवली.

अशा बाईला घरी नवरा बडवायचा. हा नवरा, दामू, आमच्याच शेडमध्ये फिटर होता. फुटलेल्या ओठाबद्दल विचारलं की आक्का म्हणायची, "तू तुझ्या कॉइली बघ."

एका दुपारी तिचा एक डोळा पुरता मिटलेला होता आणि मांडीवर दामूचीच चप्पल होती. मोटारीसाठी ट्रक खोळंबला होता. ती पळवून बघायला सुपरवायझर चावी मागायला आला.

"आत मानूस हाय."

"दामू कॅन्टीनला गेला असेल. आत कोणी दिसत नाही."

"मंग चप्पल कशी हितं?"

त्याने तिचा हात पिरगाळला. तिने त्याच्या मनगटाचा चावा घेतला. त्याने तिचं डोकं लोखंडी खांबावर आपटलं, परत आपटलं. पदर रक्ताने भिजला तरी ती कमरेची चावी पोटाखाली दाबून पालथी पडून राहिली. मी हाताला लागला तो लाकडी ठोकळा त्याच्या खांद्यात घातला. तेवढ्यात जाळीच्या खोलीतून, मोटारीच्या मागून तेलाने माखलेला दामू सरपटत बाहेर आला. खोलीतल्या मोठ्या पंख्याच्या आवाजात त्याला काही ऐकूच गेलं नव्हतं.

त्याने चप्पल घ्यायला हात पुढे केला. आक्काने उठून ती त्याच्या तोंडावर हाणली. हाणतच राहिली. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा थांबली.

"मग वाचवलंस कशाला?" तो नाकातलं रक्त पुसत म्हणाला.

"ड्युटीवर व्हते म्हनून. घरी आता येनार नाय."

खरंच गेली नाही. लेकीला घेऊन बहिणीकडे सिन्नरला राहिली. साहेबाला चावली म्हणून मालकाने कामावरून काढलं ते तिलाच. ठोकळ्याबद्दल माझा नुसता पगार कापला. सुपरवायझर राहिला, दामूही राहिला, आणि चावी माझ्याकडे आली. जाताना आक्काने ती स्वतः माझ्या कमरेला बांधली. गाठ अशी आवळली की वळ उठला.

"कुनाचं थोबाड आवडतं, कुनाचं नाय, ते बघायचं नाय," ती म्हणाली. "चप्पल बघायची."