शेजारच्या गाडीचा धूर

"भाऊजींनी गाडीत दुसरं इंजिन टाकलं. धुराच्या चाचणीत गाडी दोनदा नापास. तिसऱ्या वेळी मिस्त्रीने मशीनची नळी हळूच शेजारच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये सरकवली, आणि भाऊजी पास!"

ही कथा माझ्या पत्नीच्या धाकट्या भावाची. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मेहुण्यांकडे सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही. त्यामुळे मुंज असो वा साखरपुडा, पहिली पंगत उठायच्या आत ही कथा वाढली जाते. "भाऊजी पास" म्हणताना ते टाळीसाठी हात पुढे करतात आणि कोणीतरी टाळी देते. गेल्या महिन्यात ती माझ्या नातीने दिली. गाडी पुढे तिलाच द्यायची आहे. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

माझी हरकत नेमकी कशाला आहे, ते आधी सांगतो. गाडी दोनदा नापास झाली, हे खरे आहे. ते मी कधीही नाकारलेले नाही. परंतु मी चौतीस वर्षे एका कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. माझ्या मापाच्या गेजमध्ये न बसलेला एकही भाग पुढे गेला नाही. त्यासाठी शिव्या खाल्ल्या, एकदा बढतीवरही पाणी सोडले. अशा माणसाने तपासणीत लबाडी केली असे जिलबीच्या ताटावर बसून सांगणे, याला विनोद म्हणत नाहीत. तो आरोप आहे.

आता घडले ते असे. मुलीच्या जन्माच्या वर्षी घेतलेल्या माझ्या पेट्रोल गाडीच्या इंजिनाला चीर गेली. मुलगा म्हणाला, "बाबा, भंगारात देऊन टाका."

"माझाही गुडघा बदललेला आहे," मी म्हणालो. "मला कधी देतोस?"

तो विषय तिथे संपला. धायरीला एका डॉक्टरांकडे याच मॉडेलची गाडी उभी होती. पत्रा गंजून गेलेला, पण इंजिन उत्तम. मेहुण्यांचे मत वेगळे होते. "भाऊजी, टाकताच आहात तर नव्या गाडीचं टाका की. कोण बघतंय?"

"मी बघतोय," मी म्हणालो.

हा संवाद त्यांच्या कथेत नसतो. तो असता तर नियम वाकवण्याची कल्पना प्रथम कोणाला सुचली, हेही श्रोत्यांना कळले असते. मी इंजिन त्याच मॉडेलचे, त्याच इंधनावर चालणारे घेतले आणि हात लावण्यापूर्वी आरटीओची लेखी परवानगी मिळवली. इंजिनावर कोरलेल्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासली की अंक उमटतात. तो कागद अर्जाला डकवावा लागतो. मी तीन छाप काढले, कारण पहिल्या दोहोंत एक अंक पुसट होता. खिडकीवरच्या गृहस्थांनी दुसराही चालवून घेतला असता. मी घेतला नाही.

काम बिबवेवाडीच्या मिस्त्रींनी केले. अबोल आणि हाताने स्वच्छ माणूस. त्यांचे आणि माझे एकाच गोष्टीवरून वाजले. नव्या इंजिनावर जुन्या इंजिनाचा कार्बुरेटर बसवायचा, असा माझा आग्रह होता.

"काका, ह्याचा ह्यालाच राहू द्या. तो तुमचा ह्याला चालायचा नाही."

"तीस वर्षं मी स्वतःच्या हाताने ट्यून केलाय तो."

"तेच म्हणतोय मी."

मी ऐकले नाही. इथे एक कबुली देतो, कारण सत्य अर्धवट सांगणे मला जमत नाही. कात्रजचा घाट गाडीने जोमात चढावा म्हणून त्या कार्बुरेटरमधले पेट्रोल सोडणारे छिद्र मी फार पूर्वी स्वतः किंचित मोठे केले होते. असा भाग कारखान्यात माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो लाल खूण करून परत पाठवला असता. स्वतःच्या गाडीत मात्र मी तो मिरवला. गाडी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पीत होती आणि न जळलेले मागून सोडत होती.

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत दाखवायची तारीख मिळाली होती. त्याआधी धुराचे प्रमाणपत्र हाती नसते, तर नूतनीकरण अडले असते. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या केबिनमध्ये चाचणी घेणाऱ्या बाईंनी सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "आजोबा, गाडी चालवताय का मशेरी भाजताय?"

मी स्क्रू फिरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पुन्हा नापास. त्या वेळी बाईंनी पडदा नुसता माझ्याकडे वळवला, आणि ते मशेरीपेक्षा जास्त लागले.

तिथून मी थेट बिबवेवाडी गाठली आणि मिस्त्रींच्या देखत तो कार्बुरेटर माझ्या हातांनी उतरवला. डॉक्टरांच्या इंजिनाचा मूळचा त्यांनी पुसून तयारच ठेवला होता. आता तो शनिवार पेठेतल्या माझ्या खोलीत कपाटावर आहे. माझा, म्हणजे नापास झालेला. लाल खूण केलेली आहे.

तिसऱ्या सकाळी मिस्त्री माझ्या शेजारी बसून आले. मेहुणेही आपणहून हजर झाले; तिसऱ्यांदा फजिती पाहण्याची संधी त्यांना सोडवत नव्हती. बाईंनी पडदा पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. "संपली वाटतं मशेरी." विषारी वायू आणि न जळलेले पेट्रोल, दोन्हींचे आकडे मर्यादेच्या बरेच खाली होते.

मी गाडीचा फोटो छापलेले प्रमाणपत्र दाखवले की मेहुणे म्हणतात, "ह्या फोटोत नंबरप्लेट दिसते, भाऊजी. नळी कुठे दिसते?" नळी दिसत नाही, मान्य. बाईंना विचारा म्हटले तर म्हणतात, त्या तुमच्याच बाजूच्या. आणि शेवटी ठरलेले वाक्य येते: "मी स्वतः तिथे होतो ना!"

तेही मान्य. ते तिथे होते, आणि याच साक्षीला मी त्यांना धरून ठेवतो. केबिनचे दार आमच्यासमोरच उघडले. बाई चालत आल्या होत्या. माझ्या गाडीशेजारी त्या सकाळी एकच वाहन उभे होते आणि ते मेहुण्यांचेच होते. विजेवर चालणारी दुचाकी. तिला सायलेन्सर नाही.