आबांचा तास आणि फाटलेला आवाज

बाजारात ज्या दिवशी जो माल खपायचा नाही, तो आमच्या घरी शिजायचा. आबा इंदापूरच्या बाजारात हमाल होते. संध्याकाळी शेळगावला परतताना आडत्यानं दिलेलं उरलंसुरलं पिशवीत घेऊन यायचे. मऊ पडलेले टोमॅटो, किडकी वांगी, कधी आठवडाभर नुसता दोडका. आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून यायची आणि किडकं कापून टाकून राहिलेल्याचं कालवण करायची. भेंडी ही जून आणि दोऱ्यासारखीच असते असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. कॉलेजात एका मुलीच्या डब्यातली भेंडी खाल्ली तेव्हा कळलं की ती कोवळीही असते.

आबांचा आवाज मोठा. डोक्यावर क्रेट घेऊन ते "सरका, सरका" असं ओरडायचे तर शेडच्या दुसऱ्या टोकाची माणसं बाजूला व्हायची. ते ऐकून आडत्यानं एक दिवस त्यांच्या डोक्यावरचा क्रेट उतरवला, उलटा घातला आणि त्याच्यावर त्यांना लिलाव पुकारायला उभं केलं. तेव्हापासून आमचं बरं चाललं. मी बारामतीला राहून बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे सांगताना मी कधी मान खाली घातली नाही, आताही घालत नाही. माझी पदवी आबांच्या घशातून आली आहे.

त्या घशातला आवाज एका सकाळी गेला. झटका आला. उजवा हात लुळा पडला, तो हळूहळू थोडा सुधारला. बोलणं मात्र बंद झालं. मनात शब्द असायचा, डोळ्यांत दिसायचा, तोंडातून भलताच आवाज निघायचा. मग ते रागानं मान फिरवायचे.

पुण्यातल्या एक मॅडम अशा माणसांना पुन्हा बोलायला शिकवतात. दर आठवड्याला पुण्याला नेणं आमच्यानं होणारं नव्हतं, म्हणून रविवारी सकाळी लॅपटॉपवर तास ठरला. लॅपटॉप माझा, पहिल्या पगारातून साठवून घेतलेला. तो मी गावीच ठेवला, कारण मधल्या दिवसांत आई त्याच्यावर मॅडमनी पाठवलेले व्हिडिओ आबांना दाखवायची. मी बारामतीत दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. शनिवारी सुटले की एसटीत उभी राहून घरी, सोमवारी पहाटे परत. पाय दुखायचे, डोकं चढायचं. पण पावसाळाभर त्या तासांनी आबांना "आ", "पा", "मा" असे सुटे आवाज यायला लागले होते. मॅडमचे ओठ बघायचे, आवाज ऐकायचा आणि तसाच काढायचा, एवढंच काम. आबा ते मन लावून करायचे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी लॅपटॉपचा आवाज फाटला. मॅडम बोलल्या की पत्र्यावर खडे ओतल्यासारखं व्हायचं. त्यांनी हळू बोलून पाहिलं, मोठ्यानं बोलून पाहिलं. मोठ्यानं तर जास्तच फाटे. आबांनी दोनदा प्रयत्न केला आणि डोळे मिटून घेतले.

"काका, दमलात का?" मॅडमनी विचारलं.

आबांनी डावा हात हवेत उडवला. म्हणजे, बंद करा.

पुढच्या रविवारीही तेच झालं. तास संपल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "हे असंच राहिलं तर ऑनलाइन जमणार नाही. पहिल्या काही महिन्यांत जेवढं येतं तेवढं नंतर येत नाही. सराव तुटू देऊ नका."

मी बरं म्हटलं आणि लॅपटॉपच्या मागं लागले. इंटरनेटचा दोष असेल म्हणून आधी साठवलेला व्हिडिओ लावला. तोही फाटला. म्हणजे इंटरनेट नव्हतं. आवाज वाढवायला, खुलवायला ज्या सोयी सेटिंगमध्ये असतात त्या सगळ्या बंद केल्या. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. अपडेट केलं. प्रत्येक वेळी बंद करा, चालू करा, वाट बघा. फॅनची घरघर ऐकत मी पलंगाला टेकून बसायची, आणि आबा समोरून बघत असायचे.

शेजारचे, डेअरीला दूध घालणारे तात्या चहाला आले. म्हणाले, "काय गं, तू तर बीएस्सी झाली म्हणं?"

"झाले की."

"मग लाव की पान्हा! का बीएस्सीत पान्हा शिकवत न्हाईत?"

"दुधातलं पाणी शोधायला शिकवलंय, तात्या. तुमचं दूध आणा एकदा."

आई पदर तोंडाला लावून हसली. तात्यांनी चहा संपवला आणि दुधाचा विषय पुन्हा काढला नाही.

मी लॅपटॉप बारामतीला घेऊन गेले. दुकानदारानं उघडूनही न बघता सांगितलं, "सगळं फॉरमॅट मारावं लागेल, ताई. ठेवून जा." ठेवून जायचं म्हणजे आणखी एक रविवार गेला. मी तो पिशवीत घालून परत आणला. एसटीत मांडीवर धरून बसले आणि मला वाटलं की आपण उगाच धावतोय. सेटिंगमध्ये आपण एकदम पाच गोष्टी बदलतो आणि मग कशानं काय झालं ते कळत नाही. प्रयोगशाळेत असं केलं असतं तर मला कुणी उभं केलं नसतं. तिथं एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते.

घरी आल्यावर इअरफोन लावला. आवाज स्वच्छ, काचेसारखा. म्हणजे आत सगळं ठीक होतं, दोष स्पीकरचा होता.

मग इअरफोनवरच तास का नको? साठवलेला व्हिडिओ लावून आम्ही तसं करून पाहिलं. आबा कानात काही टिकू देईनात, उपटून फेकायचे. तात्यांच्या घरून छोटा स्पीकर आणून ठेवला, तर आबा आवाज येईल तिकडं तोंड करायचे आणि मॅडमचे ओठ बघायचे राहून जायचं. तोंड आणि आवाज एका जागी हवे होते.

सेटिंगमध्ये डावीकडचा आणि उजवीकडचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. मी डावा शून्यावर नेला. उजवा नीट वाजला. उजवा शून्यावर नेला, तर डावा खरखरला. बॅटरीचा उजेड धरून डाव्या स्पीकरच्या जाळीत बघितलं. बारीक भोकांत काहीतरी पिवळं-लाल घट्ट बसलं होतं. टाचणीच्या टोकानं कोरलं आणि बोटावर घेऊन वास घेतला. हळद.

"आई, ह्याच्यावर हळद कुठून आली?"

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "खंडेनवमीची पूजा केली की."

"लॅपटॉपची?"

"मग? खुरप्याची केली, कोयत्याची केली. तुझा बाप बाजारात व्हता तवा दरसाल तिथल्या वजनकाट्याची करत व्हता. लोक ट्रॅक्टरला हार घालत्यात. ह्याच्यावर तुझ्या बापाची वाचा हाय, अन् ह्यालाच न्हाय करायची व्हय?"

"अगं, पण पाणी?"

"पाणी कुठं घातलं? बोट ओलं करून पाच पाच बोटं लावली. दुसऱ्या दिवशी पुसून बी घेतलं. किती लख्ख हाय बघ की."

वरून लख्खच होतं. ओलं हळद-कुंकू जाळीतून आत उतरून वाळलं होतं. रागवायला माझ्यात त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर रागवावं असं ती काही बोललीही नव्हती. मी लॅपटॉप उलटा धरला आणि मऊ ब्रशनं झाडला. लाल-पिवळी पूड पडली. आईनं ती जमिनीवरून टिपून घेतली, पायाखाली येऊ नये म्हणून. डाव्याची खरखर थोडी कमी झाली, पण गेली नाही. स्पीकरच्या आतला पडदा बिघडला असावा. मग डावा कायमचा बंद ठेवला आणि दोन्हीकडचा आवाज एकत्र होऊन उजव्यातून येईल अशी सेटिंग केली.

आबा पलंगावर बसून हे सगळं बघत होते. मी मॅडमचा जुना व्हिडिओ लावला. मॅडम म्हणाल्या, "मा." खोलीत तो "मा" साधा, माणसासारखा आला.

आई म्हणाली, "आवं, आला की नीट! म्हणा आता."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं, आणि "मा" म्हणाले. मग मी काही न सांगता पुन्हा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जिथं थांबलो होतो तिथून मॅडमनी सुरुवात केली. मधल्या आठवड्यांत "पा" हातचा गेला होता, तो परत आणायला दिवाळी उलटली. नंतर सुट्या आवाजांचे शब्द झाले, शब्दांची तुटकी वाक्यं. कित्येक रविवारी काहीच पुढं सरकलं नाही. त्या दिवसांत मी एसटीत बसल्या बसल्या झोपायची आणि बारामतीत कंडक्टरनं उठवल्यावर उतरायची.

लॅपटॉप अजून एकाच स्पीकरवर चालतो. आबांचं बोलणं पहिल्यासारखं झालेलं नाही, ते हळू आणि अडखळत बोलतात. पण आता ते इंदापूरच्या दवाखान्यात एकटे जातात आणि कुठं काय दुखतंय ते डॉक्टरांना स्वतःच्या तोंडानं सांगतात.