वीरगळाची चोरी आणि मास्तरांची वही

त्या चोरीची आठवण झाली की आजही मला स्वतःची चीड येते. चाळीसच्या दशकातली गोष्ट. मी नवा फौजदार होतो आणि फौजदारही चुकू शकतो, हे अजून कळायचं होतं.

कवठे महांकाळच्या बाजूला एका माळावर जुना वीरगळ होता. मेंढरं वाचवताना पडलेल्या वीराचा तो कोरीव दगड. धनगर त्याला देव मानत. एका सकाळी तो जागेवर नव्हता. त्याच दुपारी गावातला एक बडा बागाईतदार शाळेच्या मास्तरांना दंडाला धरून ठाण्यात घेऊन आला.

“ह्योच चोर हाय! दर रविवारी माळावर दोरी लावून धोंडं मोजतोय. गुप्तधन हुडकतोय, दुसरं काय?”

मला पटलं. दगड मोजणारा माणूस गुप्तधनाच्याच मागे असतो, हे तेव्हा शेंबडं पोरही सांगायचं. फिर्याद नोंदवून मी मास्तरांना कोठडीत घातलं आणि शाळेलाही कळवून टाकलं. म्हणजे त्यांची नोकरी गेल्यातच जमा.

चौकशीत मी बराच दरडावलो. मास्तर शांतपणे म्हणाले, “साहेब, माझी वही तर बघा.”

वहीत मोठमोठ्या शिळांची वर्तुळं काढलेली होती. फार प्राचीन माणसांनी आपल्या मृतांसाठी ती उभारली, असं त्यांनी मला समजावलं. वीरगळाचं चित्र तर अगदी ढालीसकट होतं. दगडाच्या कडेला तीन खाचा दाखवल्या होत्या.

“लोकर कातरायच्या आधी धनगर इथं कातर घासतात. कैक पिढ्यांची झीज आहे ती.” मग हळूच म्हणाले, “चौघांना न हलणारा दगड मी एकटा कसा नेणार?”

हा साधा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. मी बैलगाड्यांची चौकशी सुरू केली. तिसऱ्या दिवशी एक गाडीवान कबूल झाला. त्याने पाच-सहा गड्यांच्या मदतीने दगड त्याच बागाईतदाराच्या नव्या विहिरीवर नेऊन टाकला होता.

मास्तरांना आणि एका म्हाताऱ्या धनगराला घेऊन आम्ही तिथे गेलो. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात एक सपाट दगड बसवलेला होता.

“खाणीतला हाय,” मालक गुरगुरला. “थारोळं उकराल तर लय महागात पडंल.”

म्हातारा पुढे झाला. कमरेची कातर काढून त्याने दगडाच्या कडेच्या खाचेत पातं ठेवलं. ते नेमकं बसलं. “आमचाच देव हाय, सायेब. पालथा घातलाय,” म्हणत त्याने दगडाला हात जोडले.

दगड उलटवला. ढाल घेतलेला वीर वर आला. मास्तरांची मी माफी मागणार, तोवर ते चिखलात गुडघे टेकून कोरीवकाम चाचपू लागले होते. “कुठं टवका उडालेला नाही,” म्हणाले आणि रडले. कोठडीत टिपूस न काढलेला माणूस! इतकं निर्मळ वेड मी पुन्हा पाहिलं नाही.

फिर्यादी तावातावाने बोट दाखवू लागला की आधी त्याचं अंगण बघावं, हे मी तिथे शिकलो. शाळेला मात्र दुसरं पत्र पाठवलं नाही. मास्तरांना घेऊन स्वतः गेलो आणि भरल्या वर्गात सांगितलं, “तुमच्या मास्तरांनी चोरी केली नाही. चूक माझी होती.”

मास्तरांनी खडू उचलला. मग फळ्याकडे वळत म्हणाले, “बसा.”

मी वर्दीनिशी पोरांच्या ओळीत, तरटावर बसलो.